लाल फुली

दर उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या चेस्टरला आम्ही हौशी मंडळी रोमन सैनिक होऊन तळ ठोकतो. गेल्या वर्षी आमच्या तुकडीचा नायक, शतपती नॉर्मन, माझ्या बाबांवर सगळ्यांदेखत खेकसला, “रोमन लोक कातड्याच्या तंबूत झोपायचे. हे गोणपाट घरी ने, म्हाताऱ्या!” आणि आमच्या कॅनव्हासच्या तंबूवर लाल फुली मारली. बाबांनी पुन्हा शिरस्त्राण घातलं नाही. मी हिवाळाभर दातओठ खात त्याच तंबूवर बकरीच्या कातड्याएवढी कॅनव्हासचीच ठिगळं शिवली, मग सगळा तपकिरी रंगवला, वर मेंढीची चरबी चोळली. आज नॉर्मन त्यावरच नाक घासून नवशिक्यांना सांगत होता, “हुंगा! याला म्हणतात अस्सल कातडं. शिका काहीतरी!” मी बाबांना पुढे आणलं. “शतपतीसाहेब, कातडं सोलून दाखवू?” म्हणत दाराजवळचं ठिगळ टराटरा फाडलं. खाली त्याचीच लाल फुली. नवशिके फिदीफिदी हसले. बाबा एवढंच म्हणाले, “नॉर्मन, नाक पूस. चरबी लागलीय.”