आठव्या स्थळाचा गुळांबा

"वरची फांदी हलव. खालच्या सगळ्या साळुंक्यांनी खाऊन टाकल्या," म्हणत रूपाबाईने तुतीच्या झाडाखाली जुनं लुगडं पसरलं.

तिच्या लेकीने, प्रियदर्शनीने, फांदी गदागदा हलवली. पिकलेल्या तुती टपाटपा पडल्या. दोन-चार रूपाबाईच्या डोक्यावरही पडल्या, पण तिने त्या झटकल्या नाहीत. तिला सकाळपासून कशाचाच उत्साह नव्हता.

दोन वर्षांत सात स्थळं झाली होती. सातही वेळा घर पुसा, पोहे करा, कपबशा काढा आणि दुपारभर हसून बोला. तिघांनी पोरीला नकार दिला, चौघांना पोरीने. एकाचं गाव लांब, एकाची आई तोंडाळ, एकाचं काय तर म्हणे नाक. हट्टा गावच्या दवाखान्यात नर्स असलेली, सव्वीस वर्षांची पोरगी नाकावरून स्थळ मोडते म्हटल्यावर आईने करावं तरी काय?

खरं कारण रूपाबाईला ठाऊक होतं. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. आपण सासरी गेलो की माय एकटी पडेल, हे पोरीच्या मनातून जात नव्हतं. आपल्यापायी पोरगी बिनलग्नाची राहणार, या घोराने रूपाबाई आतून पार थकली होती.

आठवं स्थळ मात्र पोरीने स्वतःच काढलं होतं. "डोंगरकडा गावचे हायेत. मानसं चांगली हायेत," एवढंच ती बोलली होती. कुठं मन जमलं असेल तर जमू दे, उगाच खोदून विचारायला नको, असं रूपाबाईने ठरवलं.

देठ खुडता खुडता तिची बोटं जांभळी झाली. तिने पातेल्यात तुती आणि गूळ घातला; या घरी गुळांबा कैरीऐवजी तुतीचाच व्हायचा.

"तू ढवळ की. पाहुणे इचारतेत, कोणी केलं म्हणून," ती म्हणाली.

"मला तुझ्यासारखं जमत न्हाई. तूच कर. अन् ते मोरपंखी लुगडं नेस."

"माझ्या लुगड्याचं काय घेऊन बसलीस? तू काय घालनार?"

"मी हाय अशीच बरी हाय."

रूपाबाईने वाद घातला नाही. वादाला अंगात ताकद लागते.

पाहुणे अकराला आले. दोघंच होते. पन्नाशीचे मसाजी आणि त्यांची लग्न झालेली मुलगी राजनंदिनी. रूपाबाईने लेकीला स्वयंपाकघरात ओढलं.

"पोरगा कुठाय?"

"आज एवढेच येनार होते," प्रियदर्शनी म्हणाली आणि पुऱ्यांचं ताट घेऊन बाहेर गेली.

मसाजींनी गुळांब्याला पुरी लावली. घास संपताच त्यांनी दुसरी पुरी उचलली.

"कोणी केलं?"

"पोरीनंच केलं," रूपाबाई सवयीने बोलून गेली. सातही वेळा हेच उत्तर दिलं होतं.

"खोटं काहून बोलून राहिलीस माय? तिनंच केलंय, काका. मला चहाच तेवढा येतो."

रूपाबाईला भुई फाटून पोटात घेईल तर बरं, असं झालं. तरी पोरगी थांबेना. बीपी, शुगर आहे का, तंबाखू खाता का, घरात स्वयंपाक कोण करतं, एकेक विचारत राहिली. सासऱ्याची अशी उलटतपासणी कुठं कोणी घेतं का? पण मसाजी खाली बघून मुकाट उत्तरं देत होते.

"तंबाखू सोडली दोन सालापासून. मंडळी वारली, राजनंदिनी सासरी गेली; आता सैपाक मीच करतो. भाकर तेवढी बराबर जमत न्हाई."

म्हणजे ड्यूटी करून आल्यावर त्या घरच्या भाकरीही माझ्याच लेकीने थापायच्या, रूपाबाईच्या मनात आलं. तिला वाईट वाटलं. पण माणूस खोटं बोलत नव्हता, हेही तिला दिसलं.

"तुमी कवाच्या उभ्याच. बसा ना," मसाजी तिला म्हणाले.

व्याही म्हणून काही वाईट नाही, तिने मनात म्हटलं. आजवरच्या सातांपैकी एकानेही तिला बस म्हटलं नव्हतं.

राजनंदिनीने बापाकडे पाहिलं. मसाजींनी मान डोलावली. "काकू, कुंकवाचा करंडा द्या," राजनंदिनी म्हणाली.

जमलं म्हणायचं! रूपाबाईचे डोळे भरून आले. तिने देवघरातून करंडा आणला, लांबूनच फरशीवर ठेवला आणि दाराआड सरकली. विधवेने अशा वेळी पुढं असू नये, एवढं तिला कळत होतं. लेक आता जाणार. रिकाम्या घरात एकटीसाठी चूल पेटवायची होती, पण सुटल्यासारखंही वाटत होतं.

राजनंदिनी करंडा घेऊन उठली. प्रियदर्शनीला ओलांडून ती सरळ दाराशी आली आणि तिने कुंकवाचं बोट रूपाबाईच्या कपाळाकडे नेलं.

"मला न्हाई, लेकरा!" रूपाबाई दचकून मागं सरली. "पोरीला लाव. तिला बघाया आलात ना तुमी?"

प्रियदर्शनीने मागून येऊन तिचे दोन्ही खांदे धरले.

"माय, ह्यांना पोरगा न्हाईच," ती म्हणाली. "काका तुला बघाया आलेत."