कै. महिपतरावांची पँट

शालीची घडी अजून मोडली नव्हती, तेवढ्यात सोसायटीच्या सेक्रेटरींनी माइकवरून विजयमालाबाईंच्या पँटचं रसग्रहण सुरू केलं.

पँट तशी होतीच रसग्रहण करण्याजोगी. फौजी घाटाची, जाड सुती, मूळची खाकी, धुऊन धुऊन चहात बुडवलेल्या टोस्टच्या रंगावर आलेली. दोन्ही गुडघ्यांवर रफू, रफूवर अबोली दोऱ्यानं भरलेल्या फुलांच्या वेली, मांडीवरच्या ठिगळावर एक मोर. खिशांच्या जागी नुसती शिवण.

ऑक्टोबरात विजयमालाबाई खडकीहून मुलाकडे कोथरूडला राहायला आल्या आणि दुसऱ्याच दिवशी ही पँट घालून फिरायला निघाल्या. तिसऱ्या दिवशी लिफ्टशेजारी सूचना लागली: ‘ज्येष्ठ महिलांनी आवारात वावरताना वयास शोभेल असा पेहराव करावा. कारणे विचारू नयेत.’ त्यांनी ती चष्मा लावून पूर्ण वाचली आणि फिरायला गेल्या.

शेवटी मुलानं, विश्वजीतनं, कमिटीला समजावलं. पँट बाबांची आहे, बाबा डिफेन्समध्ये होते. एवढं बोलून तो थांबला. पुढचं कमिटीनं स्वतःच पुरं केलं. नोव्हेंबरात महिपतराव सैन्यात भरती झाले, डिसेंबरात सीमेवर पोहोचले आणि जानेवारीत त्यांच्या गुडघ्यातून छर्रे आरपार गेले. सूचना गुपचूप उतरली. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर सत्कार ठरला. बाईंनी ‘ती’ पँट घालूनच यावं, असा आता आग्रह होता.

क्लबहाउसात महिपतरावांची तसबीर लागायची होती. खाली पितळी पाटी, ‘सीमेवरचा शिलेदार’. एकदा ती ठोकली की महिपतराव कायमचे तेच होणार होते. आदल्या दिवशी बाई मुलाला म्हणाल्या होत्या की हे सैन्यात कधीच नव्हते, तुला चांगलं माहीत आहे. विश्वजीतचं म्हणणं, लोक मान देताहेत तर घ्यावा. खरं सांगितलं तर मला इथे तोंड दाखवायला जागा राहणार नाही. दोन मिनिटं हात जोड आणि बस.

सेक्रेटरी एव्हाना भरतकामापर्यंत आले होते. पतीच्या एकेका जखमेवर या माउलीनं एकेक फूल भरलं, ते म्हणाले, आणि पती गेल्यावर खिसे कायमचे शिवून टाकले. समोर दोघीतिघींनी डोळे टिपले. त्यांतल्या एकीची त्या सूचनेवर सही होती.

विजयमालाबाईंनी माइक मागितला. कार्यक्रमपत्रिकेत ते नव्हतं. भावना पोहोचल्या, ताई, असं सेक्रेटरी म्हणाले. पहिल्या रांगेतून विश्वजीत तळहातानं ‘बस, बस’ करत होता. बाईंनी माइक सेक्रेटरींच्या मुठीतून सोडवून घेतला.

“खिसे मी शिवले नाहीत. दारूगोळ्याच्या कारखान्यातूनच ते बंद करून येतात. बारुदापाशी खिसा चालत नाही, त्यात काडेपेटी राहते.”

टाळ्या पडल्या. शौर्याचं वर्णन सुरू झालं, असा लोकांचा समज झाला. बाई टाळ्या संपेपर्यंत थांबल्या.

“हे शिंपी होते. घरी बसून ब्लाउज शिवायचे, स्वयंपाक करायचे, या विश्वजीतचा डबा भरायचे. सीमेवर गेले नाहीत, कारखान्यातही गेले नाहीत. तसबीर लावायची असेल तर लावा. ती पाटी काढा.”

विश्वजीतनं मान खाली घातली. सेक्रेटरींना मात्र सभाशास्त्राची सवय होती. त्यांनी शाल पुन्हा काखेत घेतली आणि कोरड्या आवाजात विचारलं, “मग कारखान्यात होतं कोण?”

“मी,” विजयमालाबाई म्हणाल्या. “बत्तीस वर्षं. पँट माझी आहे. फुलं यांची.”