कोंड्याच्या मोलाची

"टाकली! अखेर टाकलीच यांनी!"

सिस्टर सिसिलियांनी स्कूटी गोठ्याच्या भिंतीला टेकवली अन् पदर खोचून धावत सुटल्या. उकिरड्यावर सूप, सुपात फडक्यात गुंडाळलेलं तान्हं पोर, आणि पोराचा टाहो पार पिंपळगाव रेणुकाईच्या रस्त्यापर्यंत. त्यांनी पोर उचलून उराशी धरलं. मुलगी होती. असणारच!

"पुष्पाबाई! अहो, किती वर्षं या वस्तीवर घसा कोरडा करतेय मी! मुलगी जड झाली तर आमच्या चर्चच्या पाळण्यात आणून द्या, एका शब्दानं विचारणार नाही म्हटलं होतं ना? आणि तुम्ही आजी असून नातीला उकिरड्यावर टाकता?"

पुष्पाबाई दारातच उभ्या होत्या. लाजणं राहिलं बाजूला, त्यांनीच कपाळावर हात मारून घेतला.

"अवो सिस्टर, काय करून ठेवलं हे! शेजारची गंगू उचलणार व्हती. तिला बराबर सांगून ठेवल्तं. आता तिच्या आधी तुमी आल्या!"

"म्हणजे?"

"आमच्या दैवशालाची पयली दोन लेकरं न्हाई जगली. म्हनून ही टाकायची, दुसऱ्यानं उचलायची, अन् आमी सूपभर कोंडा देऊन इकत घ्यायची. मंग वरच्याला वाटतं, कोंड्याच्या मोलाची पोर, हिला काय न्यायची!"

सिस्टरांचा राग एकदम लुळा पडला, आणि लुळा पडला म्हणून त्या जास्तच चिडल्या. "बरं, घ्या तुमची पोर."

पुष्पाबाईंनी दोन्ही हात मागं घेतले. "तशी कशी? उचलली तुमी, आता तुमची झाली. आधी इका."

"विकू? मी?" सिस्टरांचे कान तापले. स्कूटीवर पुढं त्यांनीच पाटी रंगवून घेतली होती, प्रत्येक जीव अनमोल आहे. "माणसाचा जीव विकायचा नसतो, बाई! फुकट घ्या."

"फुकट घेतली की ती तुमचीच राह्यली. अन् मंग पयल्या दोघांवानी..."

पोर आता सिस्टरांच्या साडीला तोंड लावून चाचपत होतं. आत उंबऱ्याशी दैवशाला उभी होती, चोळी दुधानं भिजलेली.

"सिस्टर, इका ना वं जल्दी! भुकेजली हाय ती."

"अगं, तुझी आहे, तू ये आणि घे!"

दैवशालानं एक पाय उंबऱ्याबाहेर टाकला, अन् परत आत घेतला. हट्ट नव्हता तो. पहिल्या दोन लेकरांची धास्ती होती.

"देवा, कुठं आणून घातलंस मला!" सिस्टर करवादल्या. "आणा तो कोंडा!"

पुष्पाबाईंनी कोंडा आणला, पण द्यायला तयार नाहीत. "आधी भाव पाडा. पोर कुचकामाची हाय म्हना."

"हे मात्र अति होतंय हं!"

पोर पुन्हा रडायला लागलं. सिस्टरांनी डोळे मिटले. "कुचकामाची आहे."

"मोठ्यानं! वर ऐकू गेलं पायजे."

"कुचकामाची आहे!" सिस्टर अशा ओरडल्या की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. "रडकी आहे, किरकिरी आहे, कुणाच्या काही कामाची नाही! न्या एकदाची कोंडा देऊन!"

त्यांच्या पांढऱ्या पदरात कोंडा पडला, तशी दैवशाला धावत आली. पोर हिसकावून घेतलं म्हणा ना! तिथंच मातीत बसून तिनं लेकीला पाजायला घेतलं. रडं बंद झालं.

"आता कसं बराबर झालं," पुष्पाबाई म्हणाल्या.

सिस्टरांना मात्र राहवेना. कोंड्याचा पदर सावरत त्या खाली वाकल्या आणि पोरीच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाल्या, "खोटं गं बाळा, सगळं खोटं."

पुष्पाबाईंनी घाईघाईनं त्यांचा दंड दाबला आणि आभाळाकडं बघितलं.

"हळू बोला, सिस्टर! ते आमालाबी ठाव हाय."