आगीची तालीम

“कुत्र्याच्याही ध्यानात राहिलं असतं,” नीलकंठराव बायकोला म्हणाले आणि गॅसचा रेग्युलेटर त्यांनी स्वतः बंद केला. “तुले काहून समजत नाही?”

इंदूबाईंनी ओटा पुसायला घेतला.

नीलकंठराव चांदूरकर रायपूरजवळच्या एका पोलाद कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते. त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं होती. एक ते स्वतः, आणि बाकीची जळून मरायच्या लायकीची. शंकर नगरचे शेजारी या बाकीच्यांत मोडत, कारण ते चांदूरकरांच्या घरच्या तालमीला हसत.

तालीम आगीची. शिट्टी वाजली की मुलीनं, देवश्रीनं, दाराजवळची लाल पिशवी उचलायची. तिच्यात सगळ्यांचे जन्मदाखले, आधार कार्डं, मार्कशीट. मग फाटकाबाहेरच्या कडुनिंबाखाली जायचं. मागे वळून पाहायचं नाही, कुणी हाक मारली तरी थांबायचं नाही. नीलकंठराव एकेक खोली तपासून सगळ्यांत शेवटी निघत.

दिवाळीत पुरानी बस्तीतला भार्गव देवश्रीला मागणी घालायला आला होता. मोटरसायकलवर, हेल्मेटचा पट्टा लोंबत ठेवून. नीलकंठरावांनी त्याला फाटकातूनच वाटेला लावलं.

“ज्याले सोताचं डोकं सांभाळता येत नाही, तो माही पोट्टी सांभाळणार?”

“शादी करूंगी तो उसी से,” देवश्री म्हणाली होती. तेव्हापासून तिचा फोन कपाटात होता आणि फाटकाला कुलूप. किल्ली नीलकंठरावांच्या जानव्याला. इंदूबाईंना तेवढी भाजीला जायची मुभा होती. त्या बावळट बाईची कसली भीती?

उद्या देवश्रीचं साक्षगंध होतं. मुलगा नव्या रायपुरात नोकरीला, नाव शेखर. त्याच्या घरी गॅसची नळी तारीख पाहून बदलतात, एवढ्यावर नीलकंठरावांनी होकार दिला होता. देवश्री दोन घास कसेबसे गिळत होती. भुकेनं कोणी मरत नाही, असं त्यांचं मत होतं.

“अहो,” इंदूबाई भाजीची पिशवी ठेवत म्हणाल्या, “उद्या एवढे लोकं येऊन राहिले. आज एकदा तालीम घेता का?”

नीलकंठराव बघतच राहिले. “डोकं आहे म्हणायचं तुले. उशिरा का होईना.”

फाटकाचं कुलूप त्यांनी स्वतः काढलं. सुटकेच्या वाटेला कुलूप लावणाऱ्याला तुरुंगात टाकावं, असं ते कारखान्यात शिकवत. घरचं कुलूप त्यात मोजावं असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

शिट्टी वाजली. देवश्रीनं पिशवी उचलली आणि उंबऱ्यात क्षणभर थांबून बापाकडे पाहिलं.

“काय पाहून राहिली? निघ,” ते खेकसले.

“हव बाबा,” ती म्हणाली आणि निघाली. तिच्यामागे इंदूबाई.

नीलकंठरावांनी सावकाश तपासणी केली. गॅस, मिक्सरचा प्लग, गिझर, दिवाणाखालची जागाही. एवढं नीट कोण करतं, असं स्वतःशी म्हणत ते बाहेर आले.

कडुनिंबाखाली इंदूबाई एकट्याच उभ्या होत्या.

“पोट्टी कुठं आहे?”

“निघाली. थांबायचं नाही म्हणता ना तुम्ही.”

“अन् पिशवी?”

“ते तर तिचंच काम आहे.” इंदूबाई रस्त्याच्या वळणाकडे पाहत होत्या. “काळजी नका करू. दोघायच्याही हेल्मेटचे पट्टे मी सोता ओढून पाह्यले.”