साजाच्या चुलीवरची हाख

सून मसर्रत गोठ्यात शिरलेली पाहताच फाझीने अंगातला घोळदार फेरन सावरला आणि शेजारच्या साजाचं स्वयंपाकघर गाठलं.

"वाढ पटकन. माझी जेलर गाईकडे गेलीय."

साजाने भातावर हाख वाढली. जन्मभर दोन्ही वेळा हीच पालेभाजी खाल्लेली बाई फाझी. पण हृदयात धातूची झडप बसली, रक्त पातळ ठेवणारी गोळी मागे लागली आणि सुनेने फर्मान काढलं, "अम्मी, हाख बंद. रक्त घट्ट होऊन झडप अडकेल." परसातली पानं मात्र रोज कमी होत. मसर्रत म्हणे, गाईला घालते. गाईचं नशीब माझ्याहून बरं, फाझी मनात जळायची.

"अजून थोडी वाढ ना."

"नाही. लवकर आटप, सून येईल."

साजा इतकी चिक्कू कधीपासून झाली, हे कोडं फाझीला सुटत नव्हतं.

महिन्याच्या तपासणीला डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला. मसर्रत औषधं आणायला बाहेर गेली होती. फाझी जीव मुठीत धरून बसली होती. चोरी रक्तात सापडणारच.

"अगदी हवं तसं आहे. हाख रोज खाताय ना?"

"म्हणजे... खायची असते?"

"गोळी रक्त पातळ करते, हाख घट्ट करते. रस्सीखेच आहे ती. गोळी ठरलेली, तर हाखही रोज तेवढीच हवी. मागे कुणाचं तरी ऐकून तुम्ही ती सोडलीत, म्हणून तर नाकातलं रक्त थांबेना. सुनेला तेव्हाच समजावलं होतं मी."

फाझीला आठवलं. तेव्हा मसर्रत हाखचं ताट घेऊन मागे मागे फिरायची आणि ती तोंड फिरवायची. सुनेचं ऐकणं तिच्या स्वभावातच नव्हतं. पण सगळं ठाऊक असून या बयेने नंतर हाख बंद केली? सून आपल्या जिवावर उठलीय.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती साजाकडे निघाली. चार माणसांत साक्ष द्यायला साजाच हवी होती. दारापाशी तिचे पाय थबकले. आतून मसर्रतचा आवाज येत होता.

"ही आजची पानं, साजामासी. कालच्याएवढीच आहेत, मागितली तरी जास्त वाढू नका. आणि 'सून येईल' म्हणत राहा हं. मी आणून देते हे कळलं, तर अम्मी पुन्हा सोडतील."