पुढचं पुस्तकात

"भाऊजींना सांगा, माझ्या कपाटाला हात लावला तर त्या सुताराला आल्या पावली परत पाठवीन," वहिनी म्हणाली. सांगितलं ते गिऱ्हाइकाला. भाऊजी चार हातांवर काउंटरमागे बसले होते.

"वहिनींना सांगा, सुतार दुपारी येतोय. कादंबऱ्या मागच्या खोलीत जातील. समोर फक्त खरी पुस्तकं."

गिऱ्हाईक होती कोपऱ्यावर नवीन पार्लर काढलेली बाई. दुकानात पहिल्यांदाच आली होती. तिने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. "अहो, मी कादंबरी घ्यायला आलेय. तुमचे निरोप पोचवायला नाही."

थोरला भाऊ वारल्यापासून त्या पुस्तकांच्या दुकानात असंच चाललं होतं. अर्धं दुकान थोरल्याच्या बायकोचं, अर्धं धाकट्या भावाचं. ती कादंबऱ्या विकायची. तो चरित्रं, प्रवास, अपघातांच्या हकिकती विकायचा. दोघं एकमेकांशी बोलत नसत. कादंबऱ्यांच्या कपाटावरून जाताना तर तो मान फिरवून जाई, जसं काही तिथे कुणी मेलेलं पडलंय.

"कादंबरीच कशाला?" भाऊजींनी विचारलं.

"मग काय, खरं वाचू? दिवसभर खरंच ऐकते. खुर्चीत बसलेली प्रत्येक बाई मला तिची सासू सांगते. मला झोप उडवणारं काहीतरी द्या."

"झोपच उडवायचीय ना? ऐका तर."

भाऊजींची विकायची एक रीत होती. थोरल्यानेच शिकवलेली. पुस्तकाचं नाव घ्यायचं नाही. गोष्ट सुरू करायची आणि ऐन मोक्याला थांबायचं.

"खाण ढासळलीय. माणसं आत. वरपर्यंत आलेला एक लोखंडी पाइप तेवढा शाबूत आहे. त्या पाइपावर खालून कुणीतरी ठोकतंय. वर एक बाई पाइपाला कान लावून बसलीय. म्हणते, हा माझाच नवरा, दाराची कडीसुद्धा असाच वाजवतो. सगळे हसतात तिला. आणि तेवढ्यात ठोकणं थांबतं."

"मग?"

"पुढचं पुस्तकात."

पार्लरवालीने पर्स उघडली. भाऊजींनी मग मान वळवली आणि थेट वहिनीकडे पाहिलं. "बघितलंत? खरं ऐकायला छाती लागते. ती नसते, त्यांना कादंबऱ्या लागतात."

वहिनीच्या हातातलं फडकं खाली पडलं. ते तिने उचललं नाही. ती पुढे आली.

"पर्स ठेवा हो आत. खरीच गोष्ट हवी ना? एक माझी ऐका. दोघे भाऊ. परगावी कुणाची तरी जुनी पुस्तकं विकत घेतात. खोके टेम्पोत भरून परत निघतात. वाटेत नदी, सखल पूल. पुलावर घोटाभर पाणी. टेम्पो मधोमध बंद पडतो."

"वहिनी," भाऊजी म्हणाले.

"मध्ये बोलू नका. तुमचीच रीत आहे. तर वर धरणाचं पाणी सोडलेलं. ते चढत येतंय. पुढे टेम्पो वाहून जातो. थोरला भाऊ दोन गावं खाली सापडतो. धाकटा काठावर बसलेला. अंगावर ओरखडा नाही. आणि शेजारी पुस्तकांचे खोके, एकावर एक रचलेले. कोरडे ठणठणीत."

"अगं बाई! म्हणजे भाऊ बुडत होता, आणि हा मेला पुस्तकं वाहत होता?"

"तेच मला विचारायचंय. पोलिसांनी विचारलं, सासऱ्यांनी विचारलं, मी विचारलं. धाकटा म्हणतो, पाणी आलं, दादा गेला. बस. पुढे एक अक्षर नाही."

"मग पुढचं? पुस्तकाचं नाव तरी सांगा."

"पुस्तक निघालेलं नाही. सांगणारा तुमच्यासमोर बसलाय. छातीची गोष्ट करतो ना, विचारा त्याला."

पार्लरवाली हळूच एक पाऊल मागे सरकली.

भाऊजींनी चष्मा काढला. काउंटरवर ठेवला.

"खोके दोघांनी मिळून काढले," ते म्हणाले. आता ते गिऱ्हाइकाशी बोलत नव्हते. "सगळे काठाला लागले होते, वहिनी. एकच राहिला. पाणी कमरेला आलं होतं. मी दादाचा हात धरला. म्हटलं, जाऊ दे रे, एका खोक्यानं काय होतंय. त्यानं हात सोडवून घेतला. म्हणाला, 'बाकीचे गेले असते तरी चाललं असतं. तिच्या कादंबऱ्या त्यात आहेत.'"