सावली नसलेला बिबट्या

महिन्याभरात गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सात बिबटे येऊन गेले. मी वनरक्षक. दरवेळी गाडी काढायची, शिवार तुडवायचं आणि हात हलवत परतायचं. शेवटी वैतागून चावडीवर सांगितलं, "आधी सावली बघा. बनावट फोटोतल्या जनावराला सावली नसते."

आज दुपारी अंगणवाडीमागच्या उसाच्या कडेला मला खराच दिसला. ओढ्याच्या अलीकडून फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला: 'पोरांना आत घ्या.'

उत्तरादाखल नुसते हसरे चेहरे आले. अंगणवाडीताईंना फोन लावला.

"परीक्षा घेताय होय साहेब?" त्या खुशीत होत्या. "सावलीच नाही. पोरांनीसुद्धा ओळखलं!"

त्यांच्यामागे अंगणात टाळ्या वाजत होत्या.

काठी उचलून मी ओढ्याकडे पळालो. आभाळ सकाळपासून भरलेलं होतं. माझीसुद्धा सावली पडत नव्हती.